स्वागतिकेला कार्यमुक्त करण्याबाबत

"आधी घरातलं ते बोलणारं काढ, मग मला न्यायला ये. ते असेपर्यंत मी तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही, सांगून ठेवते."

आक्कांचं हे वाक्य थ्रूसाहेबांच्या कानात कालपासून घुमत होतं. ते आलं होतं हॉस्पिटलच्या खाटेवरून, आणि बोलणारीच्या खुब्यात नुकताच नवा सांधा बसवलेला होता. पण म्हणून काही त्यातला अधिकार तसूभरही कमी झाला नव्हता. आक्का पंचाहत्तरीच्या, थ्रूसाहेब त्रेसष्टीचे. आई लवकर गेल्यामुळे त्यांना न्हाऊ घालण्यापासून मुलाखतीच्या शर्टाला इस्त्री करण्यापर्यंत सगळं या थोरल्या बहिणीनं केलेलं. ती त्यांना अजून 'बाळ' म्हणे आणि चारचौघांतही म्हणे.

आक्का एकट्या राहत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही, पुन्हा पडलात तर आमच्या हातात काही राहणार नाही. थ्रूसाहेबांचं घर तळमजल्यावर. तेव्हा आक्कांनी तिथे यायचं हे उघडच होतं. पण आक्कांना कोणावर भार व्हायचं नव्हतं. नकार द्यायला त्या निमित्तच शोधत होत्या, आणि ते निमित्त थ्रूसाहेबांच्या घरात चपलांच्या कपाटावर आयतं बसलेलं होतं. परवा हॉस्पिटलातून सोडणार होते. हातात आजचा आणि उद्याचा दिवस.

निमित्त म्हणजे एक पांढरी डबी. साबणाच्या वडीएवढी. जावयानं लग्नाच्या वाढदिवसाला भेट दिलेली. ती घरातले दिवे लावी, विझवी, टाकी रिकामी झाली की पंप सुरू करी, दाराचं कुलूप सांभाळी. एकेका कामासाठी तिच्या पोटात एकेक छोटा कार्यक्रम बसवलेला असे, त्याला प्लगिन म्हणायचं. जावई जाता जाता आणखी एक प्लगिन बसवून गेला. त्याचं नाव स्वागतिका. पॅसेजमधून कोणी गेलं की दिवा लागे आणि एक गोड बाई बोले, "नमस्कार. आपलं स्वागत आहे. आज हवा कोरडी आहे."

आक्का मागच्या खेपेला आल्या तेव्हा दुपारी बाथरूमकडे निघाल्या होत्या. बाई म्हणाली, "नमस्कार. आपलं स्वागत आहे." आक्कांना वाटलं, घरात कोणी नवी कामवाली ठेवलेली दिसते. त्या म्हणाल्या, "असू दे गं." आत दाराची कडी लागत नव्हती म्हणून जरा वेळ खटपट झाली, तर बाहेरून आवाज आला, "आपण बराच वेळ थांबला आहात. काही मदत हवी आहे का?" आक्का त्याच पावली बाहेर आल्या, पिशवी उचलली आणि रिक्षानं घरी गेल्या. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. बाथरूमच्या दाराशी मदत विचारणाऱ्या माणसाला शहाणं कोण म्हणेल?

आता थ्रूसाहेब हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं काही समजणार नाही. ते सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट होते. कोणताही कागद परस्पर जाता कामा नये, हा त्यांचा धर्म. शिपायाची रजा असो की साहेबांच्या खोलीतला पंखा, अर्जावर 'थ्रू' लिहून मधल्या प्रत्येकाची सही झाल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. निवृत्तीच्या दिवशी नारळाऐवजी एक पेन मिळालं आणि हे नाव मिळालं. पेन हरवलं.

डबी घरात आली तेव्हा त्यांनी ती आठवडाभर अभ्यासली आणि त्यांना एक गोष्ट खटकली. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की स्वयंपाकघरातला दिवा परस्पर लागत होता. ना कोणाला विचारणं, ना कुठे नोंद. त्यांनी डबीचे नियम आपल्या हातानं नव्यानं लिहिले. बटणानं कळवायचं स्वागतिकेला, स्वागतिकेनं पाहायचं की घरात माणूस आहे ना, आणि मग तिनं दिव्याला सांगायचं. पंपाचंही तसंच, पडद्यांचंही तसंच. दिवा लागायला तेवढा उशीर होई. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, अंधारात उभ्या राहून म्हणत, "सही झाली की सांगा." पण शिस्त म्हणजे शिस्त.

तर त्या सकाळी चहा झाल्यावर थ्रूसाहेबांनी चष्मा लावला, मोबाईल घेतला, डबीचं पान उघडलं, स्वागतिकेवर बोट ठेवलं आणि 'काढून टाका' दाबलं.

मोबाईलवर अक्षरं उमटली. 'हा प्लगिन वापरात आहे. घरातली सर्व उपकरणं त्यावर अवलंबून असल्यामुळे तो काढता येणार नाही.'

थ्रूसाहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. भाषा ओळखीची वाटली. अशी वाक्यं आपण लिहायची असतात, वाचायची नसतात, एवढंच त्यांना त्या क्षणी जाणवलं.

त्यांनी जावयाला फोन लावला. जावई मीटिंगमध्ये होता. कुजबुजत म्हणाला, "बाबा, डिलीट करून टाका ना. दोन मिनिटांचं काम आहे."

अमुक काम दोन मिनिटांचं आहे असं सांगणाऱ्यानं ते स्वतः कधी केलेलं नसतं, हे थ्रूसाहेबांनी नोकरीत पुरेपूर पाहिलं होतं. त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, डबी कोणाच्या नावावर आहे?"

"जावयाच्या. पण घर माझं आहे."

"मग त्यांनाच फोन करायला सांगा ना. मूळ मालकाच्या परवानगीशिवाय आम्हाला सक्तीनं काढण्याची सोय उघडून देता येत नाही."

"अहो ताई, मी त्यांचा सासरा आहे."

"हो सर, कळलं. पण सिस्टममध्ये सासरा असा पर्याय नाहीये. मालक, पाहुणा आणि लहान मूल. आपण पाहुणा म्हणून आहात."

थ्रूसाहेबांनी हयातभर लोकांना "मूळ अर्जदाराला घेऊन या" असं सांगितलं होतं. त्यात म्हातारी माणसं होती, लांबून आलेली होती. त्यांचे चेहरे आता एकामागून एक डोळ्यांसमोर आले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, स्वतःचा चहा पिताना आपण पाहुणा आहोत, हे पचवायला त्यांना जरा वेळ लागला.

"पाहुण्याला काय काय करता येतं?" त्यांनी विचारलं.

"नियम लिहिता येतात, सर. दिवा लावता येतो. विझवतासुद्धा येतो."

जावयाची मीटिंग संपायला संध्याकाळ झाली. त्यानं परवानगी दिली, त्याच्या मोबाईलवर आलेला आकडा यांना कळवला, यांनी तो मुलीला कळवला, मुलीनं कोणा वरिष्ठाला कळवला. या सगळ्या प्रवासात थ्रूसाहेबांना थोडं बरं वाटलं. अखेर 'सक्तीनं काढा' असं लाल बटण उगवलं. त्यांनी डोळे मिटून ते दाबलं. यादीतून स्वागतिका नाहीशी झाली.

"गेली," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं.

काकू वाळलेले कपडे घेऊन पॅसेजमधून आल्या. "नमस्कार. आपलं स्वागत आहे. आज हवा दमट आहे."

"कुठे गेली?" काकूंनी विचारलं.

यादीत नाव नाही, पण बाई कामावर हजर. कचेरीत याच्या उलट प्रकार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मदतकेंद्राची मुलगी म्हणाली, "सर, डबी बंद करून चालू करा, म्हणजे जाईल." त्यांनी डबी बंद करून चालू केली. आवाज गेला. मात्र त्याबरोबर स्वयंपाकघरातला दिवाही गेला, कारण बटणानं स्वागतिकेला कळवलं आणि कळवून घ्यायला कोणी नव्हतं. पंप स्तब्ध. पडदे अर्ध्यावर. सगळं घर वरिष्ठांच्या सहीची वाट पाहत बसल्यासारखं. काकूंनी बॅटरीच्या उजेडात आमटीला फोडणी दिली आणि ती फोडणी अंदाजानं दिल्याचं सगळ्यांना जेवताना कळलं. सगळ्यांना म्हणजे दोघांना.

पहाटे थ्रूसाहेब पाणी प्यायला उठले.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे."

यादीत ती परत आली होती. पहिल्या ओळीत. याचं कारण शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. कागद कधी गहाळ होऊ नये म्हणून त्यांनीच डबीला सांगून ठेवलं होतं की रोज सगळ्याची एक प्रत ठेवायची, आणि काही कमी झालेलं दिसलं तर त्या प्रतीवरून पुन्हा भरून घ्यायचं. डबीनं रात्री मोजणी केली, एक बाई कमी भरली, तिनं आणून बसवली. चूक कोणाची म्हणायची? थ्रूसाहेबांनी पाण्याचा पेला विसळून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या ब्लॉकमधले विमेवाले दूध घ्यायला बाहेर आले होते. विमेवाल्यांना कोणाचंही दुःख लांबून दिसतं.

"साहेब, चेहरा का असा?"

थ्रूसाहेबांनी सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं, रात्रीची फोडणी त्यांच्याकडेही पोचली असणार.

"एवढंच?" विमेवाले म्हणाले. "मेन स्विच पाडा. मुळावर घाव घालायचा. वीजच नाही तर बोलेल कोण? आमच्या मेहुण्याचा टीव्ही असाच सुधारला."

मीटरचं कपाट दाराबाहेर. थ्रूसाहेब बनियन आणि पायजम्यावर बाहेर गेले. मोबाईल आत टेबलावर. स्विच खाली पडला, त्याच वेळी जिन्यातून वारा आला आणि मागे दार लागलं. कुलूप डबीच्या हुकमाचं, आणि डबी निपचित.

"आता परत चालू करा," विमेवाले म्हणाले.

केला. दारावरच्या छोट्या स्पीकरमधून बाई बोलली, "नमस्कार. घरात सध्या कोणी उपलब्ध नाही. कृपया आपला निरोप सांगा."

घरात काकू उपलब्ध होत्या. पण काकूंचा एक नेम होता. सकाळची प्रार्थना संपेपर्यंत त्या कोणाशी बोलत नसत आणि जागेवरून उठत नसत. एकदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हाही त्या प्रार्थना संपवूनच बाहेर आल्या होत्या आणि तोवर भूकंप संपला होता. थ्रूसाहेबांनी दारावर टकटक केली. मग जरा जोरात केली. आतून शांतता आली, आणि ती कशाची शांतता आहे हे त्यांना नीट ठाऊक होतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या पीटीच्या बाई फिरायला म्हणून उतरल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या गळ्यात शिटी असे.

"बाहेर का उभं केलंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कोणी उभं केलेलं नाही. दार लागलंय."

विमेवाल्यांनी सगळी हकिगत सांगितली, स्वतःचा सल्ला तेवढा वगळून.

"अहो, तुम्ही तिला विनंत्या करता म्हणून ती डोक्यावर बसते," पीटीच्या बाई म्हणाल्या. "सरका. आवाजात जरब लागते." त्या स्पीकरपुढे ताठ उभ्या राहिल्या. "दार उघड. एक, दोन, तीन."

"आपला निरोप नोंदवला आहे," बाई म्हणाली. "धन्यवाद."

पीटीच्या बाईंनी थोडा वेळ दाराकडे पाहिलं. "मुलगी वळणाची आहे," त्या म्हणाल्या आणि फिरायला गेल्या.

इमारतीतली माणसं कामाला निघायला लागली. थ्रूसाहेब बनियनवर मीटरच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले, जणू आकडे टिपून घेतायत. येणाराजाणारा "काय साहेब, बिल जास्त आलं?" असं विचारी आणि ते गंभीरपणे मान हलवत. विमेवाले सोबतीला थांबले होते. त्यापेक्षा ते गेले असते तर बरं झालं असतं.

यथावकाश प्रार्थना संपली. काकूंनी आतून साधी मूठ फिरवली आणि दार उघडलं.

"आतून नुसतं उघडतं हे?" थ्रूसाहेब म्हणाले.

"पहिल्यापासून."

"मग मघाशी..."

"प्रार्थना चालू होती," काकू म्हणाल्या. "आणि रात्री टाकी रिकामी होती. ही परत येईपर्यंत पाणी चढलं नाही. हिला काढायचं तर खुशाल काढा, पण हिचं काम पुढे कोण बघणार ते आधी ठरवा. उद्या वन्सं यायच्यात. त्यांना आंघोळीला पाणी लागेल."

थ्रूसाहेब बनियनवरच खुर्चीत बसले. हिचं काम पुढे कोण बघणार. कचेरीत एखाद्याची बदली झाली की तो काय त्याच दिवशी उठून जायचा? दुसरा येऊन टेबल ताब्यात घेत नाही तोवर त्याला सोडतच नसत. चार्ज दिल्याशिवाय कार्यमुक्ती नाही, हे वाक्य त्यांनी स्वतः कितीजणांना ऐकवलं होतं. आणि इथे त्यांनी चार्ज न घेता, न देता, सगळ्या कचेरीच्या देखत एका बाईला हाताला धरून बाहेर काढलं होतं. ती परत येऊन बसली यात तिचं काय चुकलं?

त्यांनी सदरा घातला. काम करायचं तर बनियनवर करायचं नाही. मग एकेक उपकरण घेतलं. स्वयंपाकघरातल्या बटणाला सांगितलं की यापुढे तू दिव्याला सरळ कळवत जा. लिहिताना त्यांचा हात जरा अडला. परस्पर. पण आक्कांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि हात सुटला. पंपाला टाकीशी सरळ जोडलं. पडदे मोकळे केले. कुलपाला मुठीच्या स्वाधीन केलं. मग जुनी प्रत रद्द केली, नवी प्रत घेतली, आणि दुपार कलता कलता स्वागतिकेचं पान उघडलं. तिच्यापुढे आता लिहिलं होतं, 'यावर काहीही अवलंबून नाही.' कोणाच्याही बाबतीत हे वाचायला बरं वाटत नाही. त्यांनी 'काढून टाका' दाबलं आणि डबी बंद करून चालू केली.

काकूंना पॅसेजमधून चालायला सांगितलं. काकू गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. पंपाची घरघर सुरू झाली. दुसरं काही नाही. पहाटे थ्रूसाहेब तहान नसताना पाणी पिऊन आले. तेव्हाही काही नाही.

आक्का त्याच दिवशी सकाळी आल्या. वॉकरचे चार पाय आणि आपला एक धड पाय टेकवत पॅसेजमध्ये मुद्दाम थांबल्या. कान दिला.

"गेली?"

"रीतसर कार्यमुक्त केली."

"बरं झालं. आवाज गोड होता मेलीचा, पण जागा कळत नव्हती."

थ्रूसाहेबांना वाटलं, जिंकलो. दोन महिने आक्का इथे राहतील, जिना लांब राहील, खुबा बरा होईल. विमेवाले भेटायला येऊन स्वतःच्या सल्ल्याचं कौतुक करून गेले, तेही त्यांनी ऐकून घेतलं. आक्का दुपारी निवांत झोपल्या.

उठल्या आणि म्हणाल्या, "बाळ, पिशवी दे. मला घरी सोड."

थ्रूसाहेब चहाचा कप घेऊन दारातच थांबले. "आता काय बोललं?"

"कोणी काही बोललं नाही रे."

"मग हिनं काही..."

"ती कशाला बोलेल? तिच्याइतकी शांत बाई मी पाहिली नाही. मला जायचंय, बस."

"डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय. तीन मजले आहेत आक्का. वाटेत पाय घसरला तर?"

"बसत बसत जाईन."

काकू आक्कांच्या शेजारी खाटेवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "वन्सं, घरी काय राहिलंय?"

आक्कांनी चादरीची कड सारखी केली. "हे गेले त्या दिवसापासून यांच्या फोटोपुढे रोज संध्याकाळी दिवा लावते. चुकलेला नाही कधी. पडले त्या दिवशीसुद्धा शेजारणीनं लावला. हॉस्पिटलात होते तेव्हाही तीच लावत होती. काल ती लेकीकडे गेली, महिनाभरासाठी. जाताना लावून गेली. आज कोणी नाही." मग थ्रूसाहेबांकडे पाहून म्हणाल्या, "ते बोलणारं काढ म्हटलं ते काही निमित्त नव्हतं हो. ते काढायलाच हवं होतं. पण हे वेगळं आहे."

"फोटो इकडे आणू या," थ्रूसाहेब म्हणाले.

"त्यांचं घर ते आहे."

थ्रूसाहेबांच्या मनात आलं, एक बल्ब, एक छोटी डबी, संध्याकाळ झाली की आपोआप. तोंड उघडलंही. आक्का खिडकीकडे बघत होत्या, उन्हाचा पट्टा भिंतीवर कुठवर चढलाय ते. थ्रूसाहेबांनी तोंड मिटलं.

"मी लावतो," ते म्हणाले.

"आज लावशील. उद्या?"

"उद्याही. तू स्वतः जिना चढशील त्या दिवसापर्यंत रोज. मी जाईन आणि लावीन."

"रोज म्हणजे रोज असतं, बाळ. कंटाळा आला, पाहुणे आले, गुडघा दुखला, असं नसतं त्यात."

"ठाऊक आहे. हिच्याबरोबर राहतोय इतकी वर्षं."

काकू उठून आत गेल्या. आक्कांनी उशीखालची पुरचुंडी काढली, तिच्यातून किल्ली काढली आणि लगेच दिली नाही.

"तेल फडताळात खालच्या कप्प्यात. बरणीचं झाकण घट्ट बसतं, फडक्यानं धरून फिरव. वात फार वर काढू नकोस, काजळी धरते. आणि लावलास की लगेच पाठ फिरवायची नाही. थोडं बसायचं."

"बसेन."

"काही बोलायला नको. नुसतं बसायचं."

"बरं."

किल्ली हातात आली. आक्कांनी उशी पाठीशी घेतली आणि चहाचा कप मागितला. चहा गार झाला होता, पण त्यांनी तसाच प्यायला.

काकूंनी काड्यापेटी आणून दिली, ती थ्रूसाहेबांनी हलवून पाहिली आणि खिशात ठेवली. बाहेर विमेवाले पायरीवर उभे होते. "काय साहेब, कुठे निघालात?"

"आलोच जाऊन," थ्रूसाहेब म्हणाले. दार हातानं ओढून घेतलं, लागल्याची खात्री केली आणि ऊन असतानाच पोचायचं म्हणून जरा भरभर चालायला लागले.